पानावरची टकटक

१९ जानेवारी

सापडली.

आधी एवढं लिहून टाकते, बाकीचं मागून. सापडली, आणि आत्ता माझ्यासमोर काचेच्या पेटीत बसली आहे. मी दोनदा चष्मा पुसला, तरी तीच आहे.

सकाळी रोपवाल्या मावशींचा फोन आला. कोपऱ्यावरची रोपवाटिका त्यांची. बाहेरून रोपांची खोकी आली आणि त्यात आठ पायांचं काही निघालं, तर चप्पल उचलायच्या आधी फोन उचला, असं मी त्यांना कित्येक वर्षांपासून बजावून ठेवलंय. आजवर त्यांनी मला मोठ्या कौतुकाने बोलावून घरोघरी असतात तसलेच कोळी दाखवलेत, एकदा मेलेला खेकडा आणि एकदा रबराचा तुकडा. पण आज त्यांचा आवाज कापत होता. म्हणाल्या, "लवकर ये, ती माझ्याकडे बघतेय."

हाताला कामाचं ओलं प्लास्टर लागलेलं, अंगात कामाचा झगा, तशीच धावले. रुंद पानांच्या रोपात, देठाच्या बेचक्यात ती बसली होती. वरून अगदी साधी, वाळक्या सालीच्या रंगाची. मी काडीने पान हलवलं आणि तिने पुढचे पाय वर उचलले. पायांची आतली बाजू पिकल्या पपईच्या रंगाची, त्यावर दोन काळे पट्टे. हे मी फक्त एका जुन्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं, तेही काळ्यापांढऱ्या. रंगाचं वर्णन खाली बारीक अक्षरात होतं. ते मला तोंडपाठ आहे.

भटक्या कोळ्यांतली ही जात. जाळं विणून वाट बघत बसणं यांच्या रक्तात नाही. दिवसभर बेचक्यात दडायचं आणि दिवस मावळला की पायी शिकारीला निघायचं. छंद म्हणून कोळी पाळणारे आम्ही मूठभर वेडे एकमेकांना ओळखून आहोत, आणि आमच्यातल्या कोणाकडे ही असल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. त्यातून ही अजून पुरती वाढलेली नाही, शेवटची कात टाकायची बाकी दिसते. म्हणजे नराशी गाठ पडलेली नाही. नर मिळाला तर पिल्लं होतील. नाही मिळाला तर एक-दोन वर्षांत ही मरेल आणि माझ्याकडे नुसते फोटो उरतील. मला फोटो नकोत. मी नर शोधणार, कुठूनही.

पेटी कामाच्या टेबलावरच्या फळीवर ठेवली आहे. घर म्हणजे एका बोळाला लागून पुढची खोली, मागची खोली आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत मी कवळ्या बनवते आणि तिथेच फळीवर माझे कोळी राहतात. मान वर केली की दिसावी म्हणून हिला मधोमध जागा दिली.

२८ जानेवारी

मालकीणबाई माझ्या देखत जेवत नाहीत. (कोळिणीचं हे नाव आपोआप पडलं.) दिवस कलला की मी रातकिडा सोडते, आणि त्या बेचक्यात मागे मागे सरकतात. सकाळी बघावं तर रातकिडा गायब. म्हणजे खातात, पण माझ्यासमोर नाही. मानी आहेत. मला आवडलं.

संध्याकाळी मला तरी कुठे फुरसत असते. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे दुपारी उशिरा येतात, आणि प्लास्टर त्याच दिवशी ओतावं लागतं, नाहीतर ठसा आकसतो आणि मग आजोबांची कवळी जेवताना ताटात पडते. त्यामुळे पाच वाजले की माझा थरथऱ्या सुरू. हे नाव मीच ठेवलंय. त्या यंत्रावर ठसा धरला की ते थरथरतं आणि प्लास्टरमधले बुडबुडे वर येऊन फुटतात. सेकंडहँड घेतला म्हणून जरा दणकट आवाज करतो, पण काम चोख. मोठ्या लॅबमधली नोकरी सोडून घरी काम सुरू केलं तेव्हा याच्याच जिवावर केलं.

१६ फेब्रुवारी

कात टाकली! सकाळी बेचक्याखाली रिकामं कातडं लोंबत होतं आणि वर मालकीणबाई, नव्याकोऱ्या, ओल्यासारख्या चकाकत. कातडं भिंगाखाली पसरून पाहिलं. मादीच आहे आणि आता पुरती वयात आली.

फोटो आमच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत काचवाल्याचं उत्तर आलं, की ओळख चुकली आहे, बाईंनी पुस्तक नीट वाचावं. हा गृहस्थ दुसऱ्या शहरात माशांच्या टाक्या बनवतो आणि स्वतःला भटक्या कोळ्यांचा शेवटचा शब्द समजतो. मी पायांच्या आतल्या बाजूचा फोटो टाकला. मग मात्र मूग गिळून बसला.

२३ फेब्रुवारी

दादा आलाय. न कळवता, दुपारीच. म्हणाला, इकडे एका जुन्या मित्राचं काम आहे, चार दिवस राहतो. मला आनंदच झाला. वहिनी कशी आहे विचारलं तर म्हणाला, बरी आहे.

बॅग उचलून मागच्या खोलीत ठेवायला गेले तर उचलेना. चार दिवसांसाठी यात काय दगड भरलेस का, विचारलं. आत थंडीचा कोट, त्याची स्वतःची उशी आणि टॉवेलात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ निघालं. तेच, त्यांच्या बैठकीतलं, लंबकाचं. म्हणाला, दुरुस्तीला द्यायचंय. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला एक घड्याळ दुरुस्त करता येऊ नये, याची मी भरपूर थट्टा केली. तो हसला.

पुढच्या खोलीत तो पाऊल टाकत नाही. लहानपणी न्हाणीघरात कोळी दिसला की मला हाक मारायचा, अजून तसाच आहे. उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलतो.

२६ फेब्रुवारी

काचवाल्याचा फोन! ग्रुपवर नाही, खासगी फोन. आधी घसा खाकरला, मग हवापाण्याच्या गप्पा, आणि मग म्हणाला, "तुमची ओळख बरोबर आहे. कारण माझ्याकडे नर आहे."

मागच्या वर्षी टाकीत लावायच्या रोपांबरोबर त्याच्याकडेही एक पिल्लू आलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. आता त्याने शेवटची कात टाकली, तोंडाजवळचे दोन छोटे हात बॉक्सिंगचे मोजे घातल्यासारखे फुगलेत, म्हणजे लग्नाला तयार. पण एकदा नर वयात आला की त्याचे दिवस थोडे राहतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तीन महिने मिळाले तर डोक्यावरून पाणी. पिल्लं झाली तर निम्मी त्याची, आणि नराला काही झालं तर तो माझं तोंड बघणार नाही, या अटींवर तो स्वतः घेऊन येणार आहे. मी सगळं कबूल केलं. त्याने माझं घर मागितलं असतं तरी आत्ता दिलं असतं.

दादाला सांगायला ओरडत स्वयंपाकघरात गेले. तो भांडी घासत होता. म्हणाला, "वा, छान. मला पण तुला एक सांगायचं होतं." पण ठसे येऊन पडले होते, मी म्हटलं, काम उरकून येते. नंतर जेवताना विचारलं तर म्हणाला, काही नाही, सावकाश सांगेन.

३ मार्च

मित्राचं काम लांबलं म्हणे. राहू दे, मला कुठे जड झालाय. त्याने दोन नळ दुरुस्त केले, खिडकीची कुरकुर घालवली आणि माझ्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली.

आजकाल रोज पाचच्या सुमाराला चहा करून आणतो, उंबऱ्यावरून हात लांब करून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवतो आणि तिथेच उभा राहतो. काहीतरी बोलतो, पण थरथऱ्यात मला शब्द कळत नाही. मी मान डोलावते. आज त्याचं बोलणं चालू असताना कप आपोआप सरकत सरकत कडेला आला आणि पडणार एवढ्यात मी धरला. चहा सांडला, ठसा वाया गेला, मी वैतागले. त्याला म्हटलं, दादा, या वेळेला नको रे. त्याने गुपचूप फरशी पुसली.

७ मार्च

जावई आले.

काचवाला सहा तासांचा प्रवास करून आला, डबा शर्टाच्या आत पोटाशी धरून. वाटलं होतं कोणी आडदांड, तिरसट माणूस असेल. निघाला किरकोळ, टकलू, पाणी सुद्धा संकोचाने मागणारा. मालकीणबाईंना पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. मग मला त्याचा राग धरून ठेवता येईना.

मोठ्या पेटीत रुंद पानाचं रोप लावलंय, मधे जाळी. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. एक पान जाळीच्या फटीतून दोन्हीकडे जातं. हे काचवाल्याने बजावून सांगितलं. या जातीत नर आधी दुरूनच पानावर टकटक करतो आणि मादी पानावरूनच उत्तर देते. तिने उत्तर दिलं तरच जवळ सोडायचं, नाहीतर ती त्याला भक्ष्य समजते. सगळं समजावून झाल्यावर त्याने दादाकडे बघून विचारलं, "हे तुमच्याकडे राहतात का?" मी म्हटलं, छे, चार दिवसांसाठी आलाय. दादा ताटं घ्यायला आत गेला.

९ मार्च

माझंच चुकलं. दोन दिवस वाट पाहिली. जावई टकटक करायचे (कागदावर नख वाजवावं एवढाच आवाज), पण मालकीणबाई बेचक्यात पाय आखडून बसलेल्या. मला वाटलं, लाजतात, समोरासमोर आले की ओळख होईल. आज काम आटपल्या आटपल्या जाळी काढली. तिने झेप घेतली ती सरळ त्याच्यावर. मी मधे पुठ्ठा घातला म्हणून वाचला, पण एक पाय तिच्या तोंडात राहिला.

सात पायांवर कोपऱ्यात बसलाय. काचवाल्याला फोन केला. म्हणाला, ठीक आहे, सात पायांचा नर पण नरच असतो. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी सोडणार नाही. तिला उत्तर द्यायला लावीनच.

१३ मार्च

उपाय चालू आहेत. पेटी गरम केली, मग गार केली. फवारा वाढवला. मालकीणबाईंना भरपूर खायला घातलं, म्हणजे भुकेपोटी तरी त्याला धरणार नाहीत. रोज दिवेलागणीला ती जागी होते, थोडी पुढे येते आणि परत आक्रसून बसते. दिवसात एवढी एकच वेळ, आणि तीच फुकट जाते. हिच्या अंगात भीती कसली भरली आहे कळत नाही.

दुपारी वहिनीचा फोन आला. माझी चौकशी केली, मग विचारलं, "त्यांनी सांगितलं का तुला?" मी म्हटलं, काय? मग म्हणाली, "त्यांच्या तोंडूनच ऐक. गोळ्या वेळेवर घेतात का, एवढं फक्त बघ." दादाला विचारलं, कसल्या गोळ्या? म्हणाला, रक्तदाबाच्या, जुन्याच आहेत. वहिनी उगाच काळजी करते. लग्नाला एवढी वर्षं होऊनही नवऱ्याच्या गोळ्यांसाठी फोन करते म्हटल्यावर मला जरा हेवाच वाटला.

१५ मार्च

आज झालं! म्हणजे अर्धं झालं.

ऐन कामात वीज गेली. थरथऱ्या थांबला, हातातला ठसा तसाच राहिला, मी चरफडत मेणबत्ती शोधायला उठले. परत येते तो जावई पानावर टकटक करत होते, आणि मालकीणबाई बाहेर! बेचक्यातून पूर्ण बाहेर, पानाच्या टोकाशी. तिने एक पुढचा पाय उचलला, पानावर टेकवला, आणि सगळं अंग असं थरारलं की पानाचं टोक हललं. उत्तर दिलं तिने!

तेवढ्यात दादा उंबऱ्यावर आला. म्हणाला, "बरं झालं दिवे गेले. ऐक ना, मला केव्हापासून..." मी तोंडावर बोट ठेवून श्श केलं. तो थांबला. जाळीला हात घालणार एवढ्यात दिवे आले, थरथऱ्या चालू झाला आणि मालकीणबाई सुर्रकन आत.

आता कारण कळलं. अंधार! इतके दिवस माझ्या दिव्याने तिचे डोळे दिपत होते. उद्याच काळं कापड आणते. मागे वळून पाहिलं तर दादा निघून गेला होता. बोलावलं तर म्हणाला, काही महत्त्वाचं नव्हतं.

१९ मार्च

काळं कापड झालं, दुहेरी कापड झालं, माझ्या टेबलावरच्या दिव्याला लाल कागद लावून झाला. लाल उजेडात एका बाईंची दाढ चुकीच्या बाजूला बसवली, ती परत करावी लागली. मालकीणबाई ढिम्म.

जावई थकलेत. टकटक पूर्वीसारखी जोरात नाही. खाणं जवळजवळ सोडलंय. यांच्या नरांचं असंच होतं, एके दिवशी सकाळी पाय मुडपून पडलेले दिसतात. तो दिवस आता लांब नाही, आणि दुसरा नर कोणाकडे नाही. संध्याकाळी काम करताना रडू आलं. दादा चहा ठेवून गेला, काही बोलला नाही. हल्ली बोलतच नाही तो.

२१ मार्च

मी मूर्ख आहे. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

आज थरथऱ्या चालू होता आणि मी पेटीतली पाण्याची वाटी भरायला झुकले. वाटीतल्या पाण्यावर बारीक बारीक वलयं उठत होती. यंत्र बंद केलं, पाणी आरशासारखं. चालू केलं, पुन्हा वलयं. टेबल थरथरतं, टेबलाला जोडलेली फळी थरथरते, पेटी थरथरते, पान थरथरतं. ज्या पानावरून तिने त्याचं ऐकायचं, त्या पानावर रोज नेमक्या तिच्या उठायच्या वेळेला मी भूकंप करत होते. तिला घाबरट म्हणाले, मानी म्हणाले, लाजरी म्हणाले. त्याच्या टकटकीतलं एक अक्षर तिला ऐकू गेलेलं नाही. आणि काम उरकल्यावर लगेच, ती तशी बिथरलेली असताना, मी जाळी काढली. त्याचा पाय माझ्यामुळे गेला.

यंत्र इथून हलवायला हवं. स्वयंपाकघरात जागा नाही, तिथे प्लास्टर उडालेलं चालणार नाही. राहिली मागची खोली. ती मधल्या भिंतीपलीकडे, फरशीही वेगळी. पेट्या हलवल्या तर मालकीणबाई आठवडाभर सावरायच्या नाहीत आणि जावयांकडे आठवडा नाही.

जेवताना दादाला सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मी विचारलं, "तुझं काम कधी संपतंय? मला मागची खोली लागेल."

त्याने पाण्याचा घोट घेतला. म्हणाला, "संपलंच आहे. उद्या निघतो. आधी तुझं यंत्र नीट बसवून देतो."

किती गुणाचा आहे. जाताना त्याला नवा शर्ट घेऊन द्यावा म्हणते.

२२ मार्च

हे लिहायला हात वळत नाहीये, पण आजच लिहायला हवं.

सकाळी दादाने आपला बिछाना गुंडाळला, बॅग दाराशी आणून ठेवली, घड्याळ टॉवेलात बांधून तिला टेकवून ठेवलं. मग यंत्र मागच्या खोलीत नेलं. मुख्य म्हणजे त्यासाठी तो पुढच्या खोलीत आला, फळीखालून, डोळे अर्धे मिटून. यंत्राखाली जुने रबरी पट्टे घातले, तिथल्या टेबलाचे पाय समपातळीत आणले. त्याची गाडी रात्रीची होती. पाचला मी पाण्याच्या वाटीवर नजर ठेवून बसले, आणि त्याने मागे जाऊन थरथऱ्या चालू केला. पाणी हललं नाही. तरी मी आजचे ठसे भराभर ओतून यंत्र बंद केलं. धोका नको होता.

मग आम्ही दोघं पेटीसमोर बसलो. तो प्रथमच आत बसला, खुर्ची जेवढी मागे घेता येईल तेवढी घेऊन. खोली इतकी शांत होती की स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू यावा, पण नळ त्याने दुरुस्त केला होता.

जावयांनी टकटक सुरू केली. हलकी, थांबून थांबून. मालकीणबाई बेचक्यातून बाहेर आल्या, पानाच्या टोकाशी आल्या, पाय टेकवला आणि थरारल्या. जावयांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा उत्तर. मी श्वास रोखून जाळी काढली. सात पायांवर तो पानावरून चालत गेला, मधे मधे थांबून विचारत. ती हलली नाही. त्याने पुढच्या पायांनी तिला हळूच स्पर्श केला, ती बाजूला कलली, आणि झालं. जमलं. मग तो धडपडत मागे फिरला, मी पुठ्ठा घातला, जाळी लावली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

दादा कुजबुजत म्हणाला, "तिने ऐकलं त्याचं?"

मी होकारार्थी मान हलवली. आणि मी बोलत नाही, यंत्र बंद आहे, हे पाहून तो म्हणाला, "मी घरी जात नाहीये. तुझी वहिनी आणि मी वेगळे झालो. भांडण नाही, तिचा दोषही नाही. तिला आता एकटीने राहायचंय. कुठे जायचं ते अजून माझं ठरलेलं नाही. एवढंच सांगायचं होतं."

मी विचारलं, "कधीपासून सांगतोयस?"

"आलो त्या दिवसापासून," तो म्हणाला. "तुझं काम चालू असायचं."

मला चहाचा कप आठवला. उंबरा आठवला. घड्याळ, उशी, वहिनीचा फोन, सगळं एकदम अंगावर आलं. माझा सख्खा भाऊ महिनाभर माझ्या दारात उभा राहून सांगत होता आणि मी मान डोलावत होते. वर काल जेवताना त्याला विचारलं, कधी जातोस. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, मोठ्याने रडू आलं तर पेटी हलेल म्हणून तोंड दाबून. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि एक डोळा फळीवर ठेवून म्हणाला, "झाकण नीट लावलंस ना?"

मग मी त्याला सांगितलं, की आज नाही, उद्या नाही, कुठेही जायचं नाही. तो म्हणाला, खोली तर यंत्राला दिलीस. मी म्हटलं, मग तू इथे झोप. त्याने फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बराच विचार करून विचारलं, घोरलेलं चालतं का.

२३ मार्च

पहाटे बघितलं तर दादा अंथरुणात सरळसोट पडला होता, डोळे उघडे. कूस बदलली तर तिला धक्का लागेल म्हणून रात्रभर हलला नाही म्हणे. मी म्हटलं, तू माझ्यापेक्षा शंभर पटींनी बरा कोळी पाळशील.

३० मार्च

जावई गेले. सकाळी पानाखाली पाय मुडपून पडलेले होते. काचवाल्याला कळवलं. म्हणाला, काम करून गेला. आता ग्रुपवर तो माझ्या फोटोंवर चुका काढत नाही, त्यामुळे ग्रुप जरा अळणी झालाय.

२० एप्रिल

अंड्यांची पिशवी! दादाने आधी पाहिली. मी स्वयंपाकघरात होते, त्याने हाक मारली, पण ओरडून नाही. चवड्यांवर चालत आला आणि कानात सांगितलं. मालकीणबाई पोटाखाली रेशमाची चपटी, पांढरी टिकली धरून बसल्या आहेत.

आता घाबरवायचं नाही. बिथरल्या तर पिशवी टाकून देतात, स्वतःच खाऊन टाकतात. दादाने घरासाठी नियम केलेत. दार आपटायचं नाही, खुर्ची ओढायची नाही, दवाखान्यांतून ठसे आणणाऱ्याने घंटा न वाजवता फोन करायचा. मी शिंकले तरी रागाने बघतो. घड्याळ अजून भिंतीला टेकून जमिनीवरच आहे. लावू म्हटलं तर म्हणाला, खिळा ठोकायचा म्हणजे भिंत हलणार. राहू दे.

वहिनीचा फोन आला होता. आज मी विचारलं, तू कशी आहेस, आणि थांबले. ती खूप वेळ बोलली.

२७ मे

आली! परवा पिशवी फाटली आणि मोहरीएवढी पिल्लं आईच्या पाठीवर, पानावर, काचेवर. मोजायचा प्रयत्न दादाने केला आणि सोडून दिला. काचवाला रात्रीच्या गाडीने आला, निम्मी घेऊन गेला. जाताना दादाचा हात हातात धरून अभिनंदन म्हणाला. मी म्हटलं, अभिनंदन माझं करा, यांचं काय? तर दादा म्हणाला, "मी मामा आहे."

आज उरलेली पिल्लं वेगवेगळ्या डब्यांत भरून झाली. मालकीणबाई पेटीत परतल्या, दुपारी उजेडात, माझ्या देखत रातकिडा खाल्ला. आता घाबरवायला शेजारी थरथऱ्या नाही.

संध्याकाळी काम संपवून यंत्र बंद केलं तेव्हा दादा हातोडी घेऊन उभा होता. विचारलं, "आता चालेल ना?"

मी स्टूल धरलं. त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीत खिळा ठोकला, चांगला खोल, आणि घड्याळ लावलं.